बंदी दिल्लीत, बदनामी गल्लीत

मोबाईलवरच्या अश्लीलतेला सरकारने आळा घातला पाहिजे, असे हल्ली जो तो म्हणतो. पारावर म्हणतात, ग्रामसभेत म्हणतात, शाळेच्या पालकसभेत तर हमखास म्हणतात. "लेकरं बिघडून राह्यली ना बावा, सरकार काय झोपलं काय?" हा सवाल चांदूरबाजारपासून बार्शीटाकळीपर्यंत कोणत्याही गावात ऐकू येतो. सवाल चुकीचा नाही. सहावी-सातवीतल्या पोराच्या हातात साऱ्या जगाची घाण येऊन पडली, तर मायबापाच्या जिवाला घोर लागणारच.

पण सरकार झोपलेले नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. गेली पंचवीस वर्षे कायदे होत आहेत, नियम होत आहेत, बंदीचे हुकूम निघत आहेत. एवढे होऊनही एखाद्या खेड्यातल्या पोरीचा फोटो नासवून गावभर फिरवला, तर दाद कोणाकडे मागायची हे तिच्या बापाला ठाऊक नसते, सरपंचाला ठाऊक नसते, कधी कधी ठाण्यातल्या जमादारालाही नीट ठाऊक नसते. सांगायचा मुद्दा हाच. अश्लीलतेवरच्या सरकारी नियंत्रणाचे मोजमाप दिल्लीने किती साईटी बंद केल्या यावरून करून भागणार नाही. खेड्यातल्या एका पोरीची तक्रार किती तासांत ऐकली गेली, यावरून ते झाले पाहिजे.

बंदीचा हिशेब

आजवरच्या बंद्यांचा हिशेब मांडून पाहू. ३१ जुलै २०१५ रोजी केंद्र सरकारने इंटरनेट कंपन्यांना ८५७ साईटी बंद करण्याचा हुकूम दिला. देशभर ओरड झाली आणि चार-पाच दिवसांतच सरकारने हात आखडता घेतला. लहान मुलांची अश्लील चित्रे असतील तेवढ्याच बंद ठेवा, असे कळवले. सप्टेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने तो जुना हुकूम पुन्हा बाहेर काढायला लावला आणि ८२७ साईटींना टाळे लागले. मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने १८ ओटीटी मंच बंद केले. जुलै २०२५ मध्ये आणखी २५ बंद केले.

परिणाम काय? एक दार लावले की दुसरे उघडते. तीच साईट नावातले एक अक्षर बदलून दुसऱ्या दिवशी हजर होते, आणि व्हीपीएन काय चीज आहे हे आपल्यापेक्षा आपल्या पोट्ट्यांना अधिक चांगले कळते. धुऱ्यावर काटे लावले म्हणून रोही वावरात शिरायचे थांबत नाहीत, हे कास्तकाराला वेगळे सांगायला नको.

पूर्वीची गोष्ट वेगळी होती. तेव्हा दारावर माणूस होता. सिनेमाला १९५२ च्या कायद्याने सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, आणि टॉकीजच्या दारावर तिकीट फाडणाराही उभा असे. पुढे तालुक्याच्या गावी व्हिडिओ सेंटर निघाली. तिथे रात्री काय चालते ते साऱ्या गावाला ठाऊक असे, पण तिथेही दारात मालक बसलेला होता आणि पोलिसांना धाड घालायला जागा होती. केबल आली तेव्हा १९९५ मध्ये कायदा झाला. केबलवाला गावातलाच पोरगा, बायाबापड्यांनी जाऊन चार शब्द सुनावले की रात्रीचा चॅनल बंद व्हायचा. मग सायबर कॅफे आले. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अश्लील साईटींच्या प्रश्नावर एक समिती नेमली. कॅफेत येणाऱ्याचे ओळखपत्र पाहा, अल्पवयीन मुलांना बंद खोपटात न बसवता उघड्यावरच्या संगणकावर बसवा, अशा तिच्या शिफारशी होत्या. शिफारशी शहाणपणाच्या होत्या. पण थोड्याच वर्षांत कॅफेच ओस पडले, कारण संगणक माणसाच्या खिशात आला.

सप्टेंबर २०१६ नंतर डाटा स्वस्त झाला आणि शेवटचा दारवानही घरी गेला. त्याच वर्षी मेळघाटातले हरिसाल राज्य सरकारने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने पहिले डिजिटल गाव म्हणून गाजवले. नेट गावात यावे हे सरकारलाच हवे होते आणि ते योग्यही होते. आज सातबारा नेटवर, पीक विमा नेटवर, ई-पीक पाहणी नेटवर. नेट ही आता चैन राहिलेली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगल झाली तेव्हा नेट बंद केले होते. ते दिवस ज्यांनी काढले, त्यांना नेट बंद म्हणजे काय ते विचारा. तेव्हा घाण नको म्हणून विहीरच बुजवा, असे म्हणायची सोय आता उरलेली नाही.

अश्लील म्हणजे नेमके काय?

दुसरी अडचण शब्दाची आहे. अश्लील कशाला म्हणावे? आपल्या न्यायालयांनी कित्येक वर्षे १८६८ सालच्या एका इंग्रजी निकालातले माप वापरले. ज्यांचे मन सहज बिघडू शकते अशा माणसाच्या मनावर मजकुराचा काय परिणाम होईल, असे ते माप होते. त्या मापाने पाहिले तर जवळपास काहीही अश्लील ठरू शकते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते माप बाजूला ठेवले आणि आजच्या समाजाच्या नजरेने, संपूर्ण मजकूर लक्षात घेऊन पाहा, असे सांगितले. ठीक झाले. पण समाज म्हणजे कोणाचा? मुंबईचा की मूर्तिजापूरचा? सासूचा की सुनेचा?

या शब्दाच्या कचाट्यात कोण कोण सापडले ते पाहा. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून वाचकांच्या लैंगिक आरोग्याच्या प्रश्नांना सरळ उत्तरे देत. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाजू मांडायला वकील कोण, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरीही कर्व्यांना दंड झालाच. चंद्रकांत काकोडकरांची एक कथा 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवले, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. एका कथेपायी सात वर्षे!

इंटरनेटच्या जमान्यातही तेच झाले. माहिती तंत्रज्ञान कायद्याला २००८ ची दुरुस्ती झाली, तिच्यावर फेब्रुवारी २००९ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली. राष्ट्रपती होत्या प्रतिभाताई पाटील, म्हणजे आपल्या अमरावतीच्या माजी खासदार. त्या दुरुस्तीत चांगली कलमे होती, त्यांच्याकडे पुढे येऊ. पण त्यातच ६६-अ नावाचे एक मोघम कलमही होते. कोणाला त्रासदायक, कोणाला आक्षेपार्ह वाटेल असा संदेश पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद राहिली. त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या नुसत्या पसंत केल्या. दोघींना अटक झाली. त्यात ना अश्लील काही होते, ना शिवीगाळ. अखेर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केले. गंमत अशी की रद्द झालेल्या कलमाखालीसुद्धा ठिकठिकाणी गुन्हे नोंदवले जात राहिले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजवावे लागले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'इंडियाज गॉट लेटेंट' या कार्यक्रमातल्या एका घाणेरड्या प्रश्नावरून देशभर गदारोळ उडाला. महाराष्ट्र सायबर विभागाने गुन्हा दाखल केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने केंद्राला नियमावलीचा विचार करायला सांगितले. प्रश्न घाणेरडा होता यात वाद नाही. पण अशा एका कार्यक्रमाच्या रागात जे नियम होतील, ते सगळ्यांना लागतील, हे विसरू नये.

आपल्याला कसे लागतील ते सांगतो. आपली वऱ्हाडी बोली मुळातच रांगडी. कापसाचा भाव पडला म्हणून एखाद्या कास्तकाराने वावरात उभे राहून दोन कडक शिव्या हासडल्या आणि व्हिडिओ टाकला, तर उद्या कोणी म्हणेल, हे असभ्य आहे, काढा. आशाताईने मासिक पाळीबद्दल गावच्या ग्रुपवर माहिती टाकली, तर एखादा म्हातारा म्हणेल, हे अश्लील आहे. मोघम शब्दाचे तणनाशक फवारले तर तणाआधी तूर जळते. म्हणून कायद्याने असभ्यतेच्या मागे धावू नये. जिथे खरा घाव बसतो, तिथे मात्र त्याने पूर्ण ताकदीने उतरावे.

घाव कुठे बसतो?

घाव बसतो तो संमती नसताना. मोठ्या माणसाने स्वतःच्या मर्जीने काय पाहावे हा एक प्रश्न. एखाद्या बाईचे, मुलीचे, लेकराचे चित्र तिच्या मर्जीविरुद्ध जगापुढे टाकणे, हा पूर्ण वेगळा प्रश्न. आपल्या चर्चेत या दोन्हींची खिचडी होते आणि दुसरा प्रश्न पहिल्याखाली गाडला जातो.

गावात हे कसे होते? लग्नातला साधा फोटो उचलायचा आणि चेहरा दुसऱ्याच देहाला चिकटवायचा. पूर्वी याला कारागीर लागत असे, आता एआयच्या अ‍ॅपने कोणतेही कार्टे दोन मिनिटांत करते. कुठे जुने प्रेम तुटते आणि विश्वासाने दिलेला फोटो सुडासाठी बाहेर येतो. कुठे झटपट कर्ज देणारे अ‍ॅप दोन हजार रुपयांसाठी मोबाईलमधली सगळी नावे आणि फोटो ओढून घेते, आणि हप्ता चुकला की घरच्या बाईचे नासवलेले चित्र पाहुण्यारावळ्यांना पाठवण्याची धमकी देते. पुरुषही सुटत नाहीत. रात्री अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल येतो, दोन मिनिटांचे चित्रण होते आणि सकाळी 'पोलीस बोलतो, पैसे टाक' असा फोन येतो. लाजेपायी माणूस वावर गहाण टाकेल, पण तोंड उघडणार नाही.

आणि गाव काय करते? पोरीचा मोबाईल काढून घेते. शाळा बंद करते. महिनाभरात स्थळ पाहून तिला उजवून टाकते. फोटो फिरवणारा मात्र पारावर बसून तंबाखू चोळत असतो. २०१९ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका समाजाच्या १२ गावांनी अविवाहित मुलींना मोबाईल बंदी केली. गुन्हा करणाऱ्याच्या हातात मोबाईल तसाच, आणि बंदी कोणाला, तर जिच्यावर गुन्हा होऊ शकतो तिला! आपल्याकडे ठराव होत नाहीत एवढेच, घराघरात तोच न्याय चालतो.

कायद्यात आहे ते आधी वापरा

वास्तविक पाहता या घावासाठी कायदा कमी नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ अश्लील मजकूर पसरवण्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. कलम ६७-अ लैंगिक कृत्याच्या चित्रणाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड सांगते. कलम ६६-ई खासगी अंगाचे चित्र परवानगीवाचून काढणाऱ्याला व पाठवणाऱ्याला लागते. लेकरांच्या बाबतीत कलम ६७-ब आणखी कडक आहे. अशी चित्रे शोधणे, पाहणे, उतरवून घेणे हाही गुन्हा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी चित्रे जवळ ठेवण्याबाबतही कडक भूमिका घेतली. तेव्हा 'मी फक्त पाह्यलं, पाठवलं नाही' ही सबब चालणार नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ तर प्रत्येक सरपंचाने पाठ करावे असे आहे. बाईने स्वतः फोटो काढू दिला असेल, पण तो दुसऱ्यांना दाखवायला परवानगी दिली नसेल, तरी तो पसरवणे गुन्हाच आहे. "तिनंच तर देला होता फोटो" हे गावातले ठरलेले वाक्य कायद्यापुढे टिकत नाही.

कंपन्यांनाही बांधून घेतलेले आहे. २०२१ च्या नियमांनुसार अंगप्रदर्शनाचे किंवा नासवलेले चित्र असल्याची तक्रार त्या व्यक्तीने, किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कोणी केली, की कंपनीने २४ तासांत ते काढायला हवे होते. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ही मुदत आणखी आखूड केली. सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर महिला व बालकांविरुद्धच्या गुन्ह्याची तक्रार नाव न सांगताही करता येते. तक्रार कोणत्याही ठाण्यात द्या, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसे लिहिलेले आहे. मोबाईलवरून पाठवलेली खबरही घ्यावी लागते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची.

मग गाडी अडते कुठे?

ती अडते कलम ७८ वर. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा, असे हे कलम सांगते. २००८ च्या आधी तर उपअधीक्षक लागत असे. शहरात हे चालते. पण ग्रामीण भागातल्या कितीतरी ठाण्यांचा ठाणेदार हा सहायक पोलीस निरीक्षक असतो. म्हणजे ठाण्यात ठाणेदार हजर आहे, पण या गुन्ह्याचा तपास त्याला करता येत नाही. कागद दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाणार, तोवर फोटो दहा गावे फिरून येणार. त्यापेक्षा हे कलमच लावू नये, साधा अर्ज घेऊन दोघांना समज द्यावी, असा मोह कोणालाही होईल. सायबर पोलीस ठाणे जिल्ह्याच्या ठिकाणी. धारणीहून अमरावती घाट उतरून सुमारे दीडशे किलोमीटर. निंदणाची मजुरी बुडवून, एसटीचे भाडे भरून, पोरीला सोबत घेऊन एखादी आई तिथे किती वेळा जाईल?

दिल्लीला नवे अ‍ॅप बंद करायला एक सही पुरते. हे एक कलम बदलायला, किंवा प्रत्येक तालुक्याला हे काम जाणणारा एक निरीक्षक आणि एक महिला अधिकारी द्यायला मात्र पैसा लागतो, माणूस लागतो. म्हणून बंदीची बातमी येते आणि माणूस येत नाही.

मिटवामिटवी हाच दुसरा गुन्हा

आता थोडे गावच्या कारभाऱ्यांना. अशा प्रकरणात आपला पहिला विचार असतो मिटवण्याचा. दोन्ही घरे गावचीच, सोयरीक असते, पोरीची लाज असते. २००७ पासून तंटामुक्ती समित्या आहेत आणि बांधाचे, वाटणीचे पुष्कळ तंटे त्यांनी चांगले मिटवले. पण हा धुऱ्याचा तंटा नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातच लिहून ठेवले आहे की, बाईविरुद्ध किंवा १८ वर्षांखालील मुलाविरुद्ध झालेला गुन्हा न्यायालयालाही आपसात मिटवू देता येणार नाही. जे न्यायालयाला करता येत नाही, ते समितीने पारावर बसून करावे काय?

मुलगी अल्पवयीन असेल तर आणखी लक्षात ठेवा. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पोलीस पाटील असो, सरपंच असो की मुख्याध्यापक, "मले काहून गोवता" म्हणून सुटका नाही.

ग्रुपच्या अ‍ॅडमिनची भीतीही दूर केली पाहिजे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह संदेशाबद्दल केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. त्याचा तसा संगनमताचा हेतू दिसला पाहिजे. म्हणजे अ‍ॅडमिनने घाबरून ग्रुप बंद करून पुरावा पुसण्याचे कारण नाही. पण 'बघा हो, काय चाललं आहे' म्हणत तोच फोटो पुढे ढकलला, तर तो स्वतः गुन्हेगार ठरू शकतो.

ठराव करायचाच तर असा करा

अलीकडे ग्रामपंचायती या प्रश्नात स्वतःहून उतरत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल बंदीचा ठराव केला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे त्याच वर्षी संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला; दीड तास टीव्ही, मोबाईल बंद आणि पोरे अभ्यासाला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरवला.

यातले कोणते टिकेल? आमच्या मते भोंगा. कारण त्यात लहानथोर सारेच मोबाईल खाली ठेवतात. बाप रील पाहत बसला आहे आणि पोरगा अभ्यास करतो आहे, असे होत नाही. संपूर्ण बंदीचा ठराव मात्र करणे सोपे, पाळणे कठीण. अभ्यास, प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्ती हे सारे मोबाईलवर आले असताना पोरांकडून तो हिसकावून घेणे कितपत जमेल? सौंदाळ्याच्या दंडापेक्षा त्या मागचा विचार मोठा आहे. बाईच्या देहावरून बोलणे ही मर्दुमकी नाही, असे एका ग्रामसभेने उघड म्हटले. फोटो फिरवणाऱ्याची सुरुवात त्या शिवीपासूनच झालेली असते.

अमरावती-अकोल्याच्या ग्रामपंचायतींनी यापुढचे पाऊल टाकावे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती अनेक गावांत रजिस्टरवरच होते. ती खरोखर घ्या आणि हा विषय तिथे ठेवा. सरपंच ज्या ग्राम बाल संरक्षण समितीचा अध्यक्ष असतो, ती समिती कागदावरून खाली उतरवा. आणि ठरावात या चार गोष्टी लिहा.

एक, असा प्रकार घडला तर मुलीची शाळा बंद होणार नाही, याची हमी गाव देईल. दोन, तक्रार द्यायला तिच्यासोबत अंगणवाडीताई, आशाताई किंवा महिला सदस्य जाईल, तिला एकटे सोडणार नाही. तीन, तिचे नाव गावात, ग्रुपवर कुठेही घेतले जाणार नाही. मुलगी अल्पवयीन असेल तर कायद्यानेही ते घेता येत नाही. चार, ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रातला संगणक चालवणारा पोर्टलवर तक्रार भरून देईल, आणि तिचा क्रमांक त्या घरी देईल.

तक्रार करणाऱ्यानेही काही पथ्ये पाळावीत. रागाच्या भरात संदेश पुसू नये. तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, लिंक लिहून ठेवावी, मोबाईल जपून ठेवावा. पैसे मागणाऱ्याला पहिला रुपया देऊ नये, कारण दुसरा मागितला जातोच. पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करावा. लेकराचा प्रश्न असेल तर १०९८ आहे. ही माहिती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, घरकुलाच्या यादीशेजारी, ठळक रंगात रंगवायला कितीसा खर्च येतो?

आणि पोरांशी बोला. शरीर काय असते, संमती काय असते, हे मायबाप आणि मास्तर सांगणार नाहीत, तर मोबाईल सांगेल, आणि तो घाणच सांगेल. कर्व्यांना १९३४ मध्ये दंड झाला तो हेच बोलण्यासाठी. नव्वद वर्षांनंतर तरी आपण ते बोलायला शिकलो पाहिजे. संत गाडगेबाबा कीर्तनाआधी हातात झाडू घेऊन गाव झाडीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत महिलोन्नतीला स्वतंत्र अध्याय दिला. दोघेही आपल्याच अमरावती जिल्ह्याच्या मातीतले. गावची घाण गावाने काढायची आणि बाईला मान द्यायचा, ही शिकवण आपल्याला दिल्लीहून मागवायची गरज नाही.

सरकारकडे मागणी एवढीच. अश्लीलतेची व्याख्या रुंद करण्याच्या खटपटीत वेळ घालवू नका. तिच्यात उद्या कास्तकाराचा रागही सापडेल आणि आशाताईचे सांगणेही. संमतीवाचून पसरवलेले चित्र आणि लेकरांचे शोषण, या दोनच गोष्टींवर सारे बळ लावा. कलम ७८ ची अट ग्रामीण ठाण्यांना पेलेल अशी करा किंवा तालुक्याला निरीक्षक द्या. आणि दरवर्षी जिल्हानिहाय जाहीर करा की अशा किती तक्रारी आल्या, किती तासांत चित्र काढले गेले, किती खटले उभे राहिले. बंद केलेल्या साईटींचा आकडा आम्ही पेपरात वाचतोच. हा दुसरा आकडा आमदार-खासदारांना विचारायची वेळ आता आपली आहे. येत्या ग्रामसभेतून तसा ठराव करून पाठवायला कोणाची परवानगी लागत नाही.